धुराची बातमी : राज्यव्यवस्था, वृत्तपत्रे आणि आपली उपनगरे

मे महिना उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी न चुकता छापून येते. शहरातील व उपनगरांतील नालेसफाईचे काम इतके टक्के पूर्ण झाले असून उरलेले ३१ मेपूर्वी उरकण्याचे आदेश आयुक्तांनी दिले आहेत, अशा आशयाची ती बातमी असते. सोबत गाळ उपसणाऱ्या यंत्राचे छायाचित्र असते. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे पुढारी त्याच नाल्याच्या काठावर उभे राहून ही टक्केवारी खोटी असल्याचे सांगतात, आणि तीही बातमी होते. जूनमध्ये पाणी तुंबते, त्याची छायाचित्रे येतात आणि गणपती येईपर्यंत विषय मिटलेला असतो.

प्रस्तुत लेखक मरोळचा रहिवासी आहे. मिठी नदी त्याच्या घरापासून फार दूर नाही. गेली कित्येक वर्षे ही बातमी वाचताना एक प्रश्न त्याच्या मनात घोळत राहिला आहे. नदीतून किती टन गाळ निघाला हे आपल्याला दरवर्षी कळते. त्या गाळात काय होते, ते कोणत्या कारखान्यातून, कोणत्या गोठ्यातून आणि कोणत्या गटारातून आले, हे मात्र कळत नाही. ते का कळत नाही?

वार्ताहर आळशी असतात किंवा मालक विकले गेलेले असतात, असे उत्तर आपण चहा पिताना सहज देऊन टाकतो. ते उत्तर पुरेसे नाही. कष्टाळू आणि प्रामाणिक वार्ताहर आजही पुष्कळ आहेत. तरीही बातमीचा साचा तोच राहतो, याचा अर्थ तो साचा एखाद्या व्यक्तीने घडवलेला नाही. ज्या राज्यव्यवस्थेत वर्तमानपत्र छापले जाते, ती व्यवस्था ज्या प्रश्नांना उत्तर देण्यास बांधील असते, तेच प्रश्न बातमीत उमटतात. पर्जन्य जलवाहिन्या विभाग गाळाच्या वजनाचा हिशेब ठेवतो, म्हणून वजनाची बातमी होते. वजन मोजून कंत्राटदाराला पैसे द्यायचे असतात. गाळातील विष मोजून कोणालाच काही द्यायचे नसते. २०२५ साली मिठीच्या गाळउपशातील कथित गैरव्यवहाराबद्दल मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, तेव्हा तर या वजनावरही संशयाची छाया पडली. म्हणजे जी एक गोष्ट आपल्याला दरवर्षी आकड्यांत सांगितली जात होती, तीसुद्धा निःशंकपणे मानता येईना.

प्रदूषणाची बातमी आणि राज्यव्यवस्था यांचे नाते तपासायचे तर आधी दूरची उदाहरणे पाहावीत. दूरचे दोष स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्या उजेडात जवळचे ओळखता येतात.

बंद दारांमागील बातमी

२६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातील चौथी भट्टी फुटली. शेजारचे प्रिप्यात हे शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे करण्यात आले. पण सोव्हिएत वृत्तपत्रांत त्याविषयी अक्षर नव्हते. जगाला प्रथम सुगावा लागला तो २८ एप्रिलला, स्वीडनमधील फोर्समार्क वीज केंद्रातील यंत्रांना किरणोत्सर्ग आढळला तेव्हा. त्या रात्री मॉस्को दूरदर्शनच्या बातमीपत्रात मोजकी चार-पाच वाक्ये वाचून दाखवण्यात आली. १ मे रोजी कीव्ह शहरात कामगार दिनाचे संचलन नेहमीप्रमाणे झाले आणि त्यात मुलेही चालली. गोर्बाचेव्ह दूरदर्शनवर बोलले ते १४ मे रोजी.

चीनमधील एक उदाहरण त्याहून बोलके आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये चिलिन शहरातील रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि बेंझिनसारखी विषारी द्रव्ये सोंगहुआ नदीत गेली. खालच्या अंगाला हार्बिन हे लक्षावधी वस्तीचे शहर होते. तेथील पाणीपुरवठा बंद करताना प्रथम कारण देण्यात आले ते जलवाहिन्यांच्या दुरुस्तीचे. लोक घाबरले, अफवा उठल्या, दुकानांतले बाटलीबंद पाणी संपले, तेव्हा कोठे खरे कारण जाहीर झाले. अशा व्यवस्थेत सत्य सांगितलेच जात नाही असे नव्हे, परंतु ते सत्तेच्या सोयीने आणि सत्तेने दिलेल्या मुदतीत सांगितले जाते. २०१५ साली छाय जिंग या माजी दूरदर्शन पत्रकार महिलेने चीनमधील धुरक्यावर एक माहितीपट केला. पर्यावरणमंत्र्यांनीही प्रथम तिचे कौतुक केले. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला आणि आठवड्याभरात तो चिनी संकेतस्थळांवरून नाहीसा झाला. परवानगी देणारा हात तो काढूनही घेऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे वाचून आपण स्वतःला धन्य मानण्याआधी आपल्याच इतिहासातील एक गोष्ट आठवली पाहिजे. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारण्यात आली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली. त्याच काळात, १९७६ साली, ४२वी घटनादुरुस्ती झाली. तिने संविधानात घातलेल्या नव्या कलमांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत. ४८-अ या कलमाने पर्यावरणाचे रक्षण व सुधारणा करण्याचे मार्गदर्शक तत्त्व राज्याला घालून दिले, आणि ५१-अ या कलमाने वने, तलाव, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. नदीचे रक्षण करण्याचे कर्तव्य नागरिकाच्या पदरात पडले तेव्हा नदी कोण नासवतो हे छापण्याचे स्वातंत्र्य मात्र त्याच्याजवळ नव्हते. कर्तव्य दिले आणि डोळे बांधले, असाच तो प्रकार होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्येच मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाच्या बाजूने निकाल देऊन तपासनिसाच्या मनमानीला चाप लावला, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. एका लहानशा मासिकाने ती लढाई लढली, ही गोष्ट लहान नियतकालिकांच्या वाचकांनी विसरू नये.

उघड्या दारांमागील मौन

आता आपल्या खुल्या व्यवस्थेकडे येऊ. अमर्त्य सेन यांचा एक सिद्धान्त सर्वश्रुत आहे. जेथे निवडणुका होतात आणि वृत्तपत्रे बऱ्यापैकी स्वतंत्र असतात, तेथे मोठा दुष्काळबळी पडत नाही, कारण उपाशी माणसांची छायाचित्रे छापून आली की सरकारला हालचाल करावीच लागते. मात्र सेन यांनीच पुढे सांगितलेली दुसरी बाजू आपण सहसा उद्धृत करीत नाही. अचानक कोसळणाऱ्या संकटाविरुद्ध वृत्तपत्रे प्रभावी ठरतात; परंतु रोजच्या अर्धपोटी जगण्याविरुद्ध ती तितकी प्रभावी ठरत नाहीत, कारण त्यात नवे असे काही घडत नाही.

प्रदूषणाला हा विचार लावून पाहिला तर आपल्या वर्तमानपत्रांचे बरेचसे वागणे उलगडते. आग ही बातमी आहे, रोजचा धूर ही बातमी नाही. पूर ही बातमी आहे, वर्षभर वाहणारे काळे पाणी ही बातमी नाही. लोकशाहीतील बातमीला घटना लागते, आणि प्रदूषण बहुतेक वेळा घटना नसून परिस्थिती असते.

याचा एक जुना दाखला लंडनचा आहे. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस ते शहर कोळशाच्या धुरक्यात बुडाले. वृत्तपत्रे स्वतंत्र होती आणि त्यांनी पुष्कळ लिहिले. बसगाड्या बंद पडल्याचे, नाटकगृहात धुरके शिरल्याचे, प्रदर्शनासाठी आणलेली गुरे दगावल्याचे त्यांनी छापले. माणसे हजारोंनी मरत होती, हे मात्र त्या दिवसांत कोणाला उमगले नाही. ते उमगले मृत्यूनोंदींचे आकडे मांडल्यावर. सुमारे ४,००० मृत्यू अधिक झाल्याचे तेव्हा दिसले; पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. तरीही नंतरच्या महिन्यांतील मृत्यूंचे खापर सरकारी पातळीवर फ्ल्यूवर फोडण्यात आले. स्वच्छ हवेचा कायदा व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. बंदी नसतानाही सत्य दिसले नाही, कारण वार्ताहर पाहत होते ते जे दिसत नव्हते त्या रस्त्याकडे. घराघरांतील खाटांकडे नव्हे.

आपल्या देशात याच्या उलट एक उदाहरण घडले आणि ते अधिक दुःखद आहे. भोपाळमधील राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने १९८२ साली आपल्या ‘रपट’ या छोट्या हिंदी साप्ताहिकात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील धोक्यांविषयी लेखमाला लिहिली. हे शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसले आहे, असा इशारा त्यांनी दिला. जून १९८४ मध्ये त्यांनी ‘जनसत्ता’सारख्या मोठ्या दैनिकातूनही तेच सांगितले. विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा कारखान्यापासून धोका नसल्याची ग्वाही सरकारकडून मिळाली. त्यानंतर २ व ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. केसवानींना कोणी तुरुंगात टाकले नाही, त्यांचे साप्ताहिक कोणी जप्त केले नाही. त्यांचे म्हणणे छापले गेले आणि हवेत विरले. बंद व्यवस्था बातमी दाबते. खुली व्यवस्था तिला एकटी सोडते. वाचक, विरोधी पक्ष, न्यायालय आणि दुसरी वर्तमानपत्रे यांपैकी कोणीतरी ती उचलून धरल्याखेरीज छापील शब्दाला बळ येत नाही. दुर्घटनेनंतर केसवानींना पारितोषिके मिळाली. इशारा देणाऱ्याचा सत्कार दुर्घटनेनंतर करण्यात आपला समाज वाकबगार आहे.

शब्द कोण ठरवतो?

साहित्याच्या वाचकाने बातमीकडेही भाषेच्या अंगाने पाहावे. उपनगरांच्या बातम्यांतील दोन शब्दांची आपण परीक्षा करू.

पहिला शब्द ‘नाला’. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना अशी सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून पोयसर आणि दहिसर या नद्या निघतात. आपल्या आजीआजोबांच्या बोलण्यात या नद्या होत्या. महापालिकेच्या कागदांत त्या नाल्यांच्या यादीत गेल्या, आणि कागदांतून बातमीत आल्या. हा केवळ नावाचा बदल नाही. नदी म्हटली की उगम, काठ, मासे आणि पूररेषा हे सारे तिच्याबरोबर येते. नाला म्हटला की फक्त तुंबणे आणि उपसणे येते. नदीत सांडपाणी सोडणे हा गुन्हा वाटतो; नाल्यात ते सोडणे हा त्याचा धर्मच वाटतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा कुलाब्याला तो ७३ मिलिमीटर होता. उपनगरे बुडाली, शेकडो माणसे गेली आणि त्यानंतरच वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘मिठी नदी’ हे शब्द रूढ झाले. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिचा प्रवाह वळवल्याचे, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या मुखाशी भराव घातल्याचे तेव्हा छापून आले. ही कामे काही रातोरात झालेली नव्हती. ती होत असताना त्यांच्या बातम्या विकासाच्या सदराखाली येत होत्या. नदीला आपले नाव परत मिळवण्यासाठी एवढे बळी घ्यावे लागले.

दुसरा शब्द ‘समाधानकारक’. २०१५ पासून आपल्याकडे हवेचा गुणवत्ता निर्देशांक रोज जाहीर होतो आणि वर्तमानपत्रे तो छापतात. ही चांगली गोष्ट आहे. पण अंकाबरोबर एक विशेषणही येते आणि वाचक अंक विसरून विशेषण लक्षात ठेवतो. ५१ ते १०० म्हणजे समाधानकारक, १०१ ते २०० म्हणजे मध्यम, अशी आपली सरकारी श्रेणी आहे. हवेतील अतिसूक्ष्म कणांचे, म्हणजे पी.एम. २.५ चे, २४ तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या निर्देशांकानुसार ती हवा ‘समाधानकारक’ ठरते. तेवढ्याच कणांच्या हवेला अमेरिकेचा निर्देशांक ‘आरोग्यास अपायकारक’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा तर अवघ्या १५ मायक्रोग्रॅमची आहे. हवा तीच, फुप्फुसेही तीच. फरक विशेषणाचा आहे आणि ते विशेषण शासनाने ठरवले आहे. अंधेरीतील दमेकरी मुलाची आई सकाळी वर्तमानपत्रात ‘मध्यम’ हा शब्द वाचून मुलाला मैदानावर पाठवते, तेव्हा एका शासकीय समितीने निवडलेल्या शब्दावर ती विश्वास टाकत असते. वर्तमानपत्राने तो शब्द जसाच्या तसा न छापता त्याखाली एक ओळ समजावून सांगितली, तर त्यात खर्च काहीच नाही. तरी ती ओळ क्वचितच दिसते.

वास कोणाला येतो?

उपनगरांचा भूगोलही बातमीचे आकारमान ठरवतो. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. तिच्या कडेला गोवंडीच्या वस्त्या आहेत आणि तेथील माणसे वर्षानुवर्षे त्या धुरात राहतात. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तेथे मोठी आग लागली. धुराचे लोट अवकाशातील उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि देवनार पहिल्या पानावर आले. ते पहिल्या पानावर आले याचे एक कारण असे, की या वेळी धूर चेंबूर-घाटकोपरच्या सोसायट्यांपर्यंत पोहोचला होता. पुढे बातमीची दिशा कशी वळली तेही पाहण्यासारखे आहे. आग कोणी लावली, घातपात होता काय, भंगारवाल्यांचा हात होता काय, या प्रश्नांनी रकाने भरले. ओला-सुका कचरा एकत्र टाकत राहिल्याने ढिगाऱ्यात मिथेन वायू साठतो आणि तो पेटतच राहणार, ही गोष्ट मात्र गुन्हेगाराच्या शोधात मागे पडली. गुन्हेगार सापडला की व्यवस्था निर्दोष ठरते, म्हणून प्रत्येक शासनाला अशी बातमी सोयीची असते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था होईपर्यंत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. आता कचऱ्याची बातमी अर्थविषयक पानांवरही गेली, कारण घरांच्या व्यापाराला झळ लागली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई शिथिल केली आणि देवनार पुन्हा आतल्या पानावर आले. ज्या वर्तमानपत्रांची पहिली पाने नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींनी व्यापलेली असतात, त्यांना बांधकामाच्या धुळीविषयी सातत्याने लिहिणे जड जावे, यात नवल नाही. त्यासाठी मालकाने संपादकाला दूरध्वनी करण्याची गरजही पडत नाही. बातमीला जागा उरत नाही, एवढेच पुरते.

मुलुंडची कचराभूमी साठच्या दशकाच्या अखेरीपासून २०१८ पर्यंत चालली. बोरिवलीजवळच्या गोराईची २००७ मध्ये बंद झाली. कचरा मग कांजूरमार्गला गेला आणि विक्रोळी, कांजूर, भांडुप येथील रहिवासी दुर्गंधीच्या तक्रारी करू लागले. एका उपनगराची सुटका हीच दुसऱ्याची शिक्षा, हे ज्या बातमीत एकत्र मांडले जाईल अशी बातमी लिहिणे वार्ताहराला कठीण जाते, कारण त्याची पाने विभागवार वाटलेली असतात. मुलुंडच्या पानावर कचराभूमी बंद झाल्याचा आनंद असतो आणि कांजूरच्या पानावर वासाची तक्रार असते. त्या दोन पानांमध्ये जो संबंध आहे, तो छापला जात नाही. शिवाय वासाचे छायाचित्र काढता येत नाही. माहुलच्या कोळी व इतर रहिवाशांना रसायनांच्या टाक्यांचा त्रास सिद्ध करण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले. २०१५ मध्ये त्यांच्या आरोग्याला धोका असल्याचे लवादाने मान्य केले, तेव्हा वास अधिकृत झाला. त्याआधी तो नुसती तक्रार होता.

प्रश्न विचारणारे कोण?

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. उपनगरातील बातमीदाराचा मोठा आधार म्हणजे नगरसेवक आणि स्थायी समितीची सभा. तेथे कोणी हरकतीचा मुद्दा मांडला, उत्तर न मिळाल्याने गोंधळ झाला, की बातमी तयार होई. त्यात राजकारण असे, वैरही असे. पण त्या भांडणातून एखादा आकडा बाहेर पडे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच न झाल्याने कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, त्या काळात या महानगराच्या सभागृहात प्रश्न विचारायला एकही लोकप्रतिनिधी नव्हता. साहजिकच बातम्या आल्या त्या प्रशासनाच्या परिपत्रकांच्या : बांधकामांभोवती पत्रे लावा, राडारोडा झाकून न्या. पाठोपाठ रस्ते धुतले जात असल्याची आणि सत्ताधारी हाती पाण्याची नळी धरून उभे असल्याची छायाचित्रे आली. प्रश्नकर्ता नाहीसा झाला की बातमी आपोआप जाहिरातीसारखी दिसू लागते. तपासनीस नेमण्याचे कारणच उरत नाही.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. २००५ पासून लागू असलेल्या माहिती अधिकाराच्या कायद्याने वार्ताहराला आणि सामान्य माणसालाही एक साधन दिले आहे. न्यायालये अनेकदा वर्तमानपत्रांतील बातम्यांवरूनच जागी झाली आहेत. चेर्नोबिलच्या रहिवाशाला जे कधीच शक्य नव्हते, ते मरोळच्या रहिवाशाला शक्य आहे. तो दहा रुपये भरून गाळाच्या तपासणीचा अहवाल मागू शकतो. अहवाल निघालाच नसेल तर तेही त्याला लेखी मिळू शकते, आणि ती स्वतःच एक बातमी आहे. आपली व्यवस्था बातमी अडवीत नाही. ती मागणाऱ्याची वाट पाहते. मागणारे थोडे असतात, हा दोष व्यवस्थेचा जितका तितकाच आपलाही.

आपली नियतकालिके आणि आपण

येथे आपल्याच अंगणात डोकावले पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याच वेळी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. संपादकानेच आंदोलनात उतरावे काय, असा आक्षेप वृत्तपत्रीय निःपक्षपातीपणाच्या नावाने घेता येईल. प्रस्तुत लेखकाला तो अगदीच निराधार वाटत नाही. आंदोलकाला स्वतःच्या बाजूचे दोष दिसेनासे होण्याचा धोका असतोच. परंतु ज्या मासिकाचे वाचक त्याच विहिरींचे पाणी पितात, त्याने विहिरीविषयी तटस्थ राहणे म्हणजे काय, हाही प्रश्न आहे. वर्गणीवर चालणाऱ्या लहान नियतकालिकाला जे साधते ते मोठ्या दैनिकाला साधत नाही. ते एकच गोष्ट महिन्यामागून महिने सांगू शकते. परिस्थितीची बातमी करायला हाच धीर लागतो.

तथापि आपण स्वतःची पाठ थोपटू नये. मुंबईच्या उपनगरांतील आपल्या धर्मग्रामांनी हा धीर दाखवला आहे काय? मरोळ, कोंडिविटे, चकाला येथील शेते गेली, त्यांतील काही सरकारने घेतली, पण काही आपणच विकली. आपल्या सणांच्या स्मरणिका उघडून पाहाव्यात. त्यांतही बांधकाम व्यावसायिकांच्या शुभेच्छा पानभर असतात, आणि त्याच अंकात शेजारच्या बांधकामाच्या धुळीवर लेख मागवण्याचे धाडस आपल्याला होत नाही. मोठ्या वर्तमानपत्रांवर ठेवलेला ठपका आपल्या चिमुकल्या पानांनाही लागू पडतो.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, आजच्या सीप्झच्या आवारात, सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे सोळाव्या शतकातील चर्च भग्नावस्थेत उभे आहे. १८४० साली रोगाची साथ आली आणि गावकऱ्यांनी ती जागा सोडली, असे त्याच्या इतिहासात नमूद आहे. साथ आली, माणसे गेली आणि गाव उठले, एवढी तरी नोंद त्या काळाने आपल्यासाठी ठेवली. दीडशे-दोनशे वर्षांनी आपल्या काळाविषयी कोणाला असे काही वाचायला मिळेल काय?

लंडनच्या धुरक्याचे सत्य पत्रकारांनी नव्हे, तर मृत्यूंच्या नोंदवह्यांनी सांगितले. आपल्या प्रत्येक चर्चमध्येही अशी एक नोंदवही पिढ्यान् पिढ्या ठेवली जात आहे. तिच्याशेजारी आणखी एक साधी वही ठेवायला काय हरकत आहे? कोणत्या तारखेला धूर होता, कोणत्या रात्री वास आला, किती मुले खोकल्यामुळे धर्मशिक्षणाच्या वर्गाला आली नाहीत, नदीचे पाणी कोणत्या रंगाचे होते, एवढेच तिच्यात लिहावे. त्यात आरोप नकोत, विशेषणे तर मुळीच नकोत. वर्षभराने ती वही घेऊन वार्ताहराकडे जावे. ज्या बातमीला घटना मिळत नाही म्हणून ती छापली जात नाही, तिला मग तारखा मिळालेल्या असतील. आणि त्या वार्ताहराने ती छापलीच, तर केसवानींच्या वाट्याला आले ते एकटेपण त्याच्या वाट्याला येऊ नये, एवढी काळजी मात्र आपण घेतली पाहिजे.